प्रभागांच्या सीमा नव्याने आखताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्थानिक सभागृहात कोण बसणार हे मतदानाच्या दिवशी ठरते, परंतु कोणत्या गल्लीने कोणत्या गल्लीसोबत मत द्यायचे हे त्याच्या कितीतरी आधी नकाशावर ठरून गेलेले असते. नकाशाचा हा टप्पा बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. त्याविषयी नागरिकांच्या मनात येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रभागांच्या सीमा मुळात बदलाव्याच का लागतात?

माणसे स्थलांतर करतात आणि रेषा जागच्या जागी राहतात, हे त्याचे मूळ कारण आहे. समजा, एका शहराची लोकसंख्या ६०,००० आहे आणि तेथून १२ सदस्य निवडून द्यायचे आहेत. सुरुवातीला प्रत्येक प्रभागात सुमारे ५,००० लोक होते. पुढे जुन्या पेठेतील कुटुंबे बाहेर पडली, शहराच्या कडेला नव्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि काही वर्षांनी एका प्रभागात ३,००० तर दुसऱ्यात ९,००० लोक राहू लागले. दोन्ही प्रभागांतून निवडून येणारा सदस्य मात्र एकेकच आहे. याचा अर्थ पहिल्या प्रभागातील एका मताचे वजन दुसऱ्यातील तीन मतांइतके झाले. दुसऱ्या प्रभागाच्या सदस्याकडे तिप्पट लोकांच्या तक्रारी येतात, आणि अर्थसंकल्पावर मत देताना त्याचा हात मात्र एकच वर होतो.

ही विषमता कोठवर जाऊ शकते याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या मिडलंड काउंटीचे (जिल्ह्यासारख्या प्रदेशाचे) आहे. तेथील प्रशासक मंडळाचे चार सदस्य चार विभागांतून निवडले जात. १९६३च्या अंदाजानुसार एका विभागात ६७,९०६ लोक होते, कारण जवळजवळ सगळे शहर त्या एकाच विभागात घातले होते. उरलेल्या तिघांत अनुक्रमे ८५२, ४१४ आणि ८२८ लोक होते. १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही रचना अमान्य केली आणि ‘एक व्यक्ती, एक मत’ हे तत्त्व स्थानिक संस्थांनाही लागू केले. रस्ते, गटारे आणि पाणी यांचे निर्णय जेथे होतात तेथे मताचे वजन समान असण्याची गरज विधिमंडळापेक्षा कमी नाही, हे त्या निकालातून अधोरेखित झाले.

‘समान’ म्हणजे तंतोतंत समान का?

नाही. घरे, इमारती आणि वस्त्या यांचे तुकडे न करता रेषा आखायची असेल, तर थोडा फरक राहणारच. त्यामुळे अनेक ठिकाणी सरासरीच्या १० टक्के वर किंवा खाली एवढी मुभा ठेवतात. महाराष्ट्रातील महापालिकांच्या प्रभागरचनेत हीच मर्यादा वापरली जाते. न्यूझीलंडच्या २००१च्या स्थानिक निवडणूक कायद्यातही अधिक-उणे १० टक्क्यांचा नियम आहे. दुर्गम वस्ती किंवा एकसंध समुदाय तुटणार असेल तर तेथे या नियमाला अपवाद करता येतो, परंतु त्यासाठी वरिष्ठ आयोगाची मान्यता घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये एखाद्या परिषदेच्या ३० टक्क्यांहून अधिक प्रभागांत १० टक्क्यांपेक्षा जास्त तफावत आली, किंवा एकाच प्रभागात ती ३० टक्क्यांच्या वर गेली, तर ती परिषद पुनर्रचनेस पात्र ठरते. भारताच्या राज्यघटनेत पंचायतींबाबत असे म्हटले आहे की लोकसंख्या आणि जागा यांचे प्रमाण संपूर्ण पंचायत क्षेत्रात, व्यवहार्य असेल तेथवर, सारखे असावे.

येथे एक हिशेब लक्षात ठेवावा. वर दिलेल्या शहरात १० टक्क्यांची मुभा म्हणजे ४,५०० ते ५,५०० लोकसंख्या. शेजारच्या दोन प्रभागांपैकी एक तळाच्या टोकाला आणि दुसरा वरच्या टोकाला असेल, तर त्यांच्यात २२ टक्के फरक पडतो. म्हणून ही मुभा प्रत्येक ठिकाणी वापरण्यासाठी नाही. ती जेथे वापरली तेथे कारण लिहून दिले पाहिजे, आणि कारण दिले नसेल तर नागरिकांनी ते मागितले पाहिजे.

मोजायचे कोणाला, लोकांना की मतदारांना?

हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो, पण यावरच बरेच काही अवलंबून असते. लहान मुले, नुकतेच आलेले स्थलांतरित आणि ज्यांची नावे यादीत नाहीत असे रहिवासी हे सगळे पाणी वापरतात, रस्त्यावरून चालतात, दवाखान्यात जातात. एकूण लोकसंख्या धरली तर ते मोजले जातात आणि फक्त मतदार धरले तर ते गळतात. तरुण कुटुंबांच्या आणि स्थलांतरितांच्या वस्त्यांना दुसऱ्या पद्धतीत कमी प्रतिनिधी मिळतात. उलट, केवळ लोकसंख्या धरली तर कमी मतदार असलेल्या प्रभागातील प्रत्येक मताचे वजन वाढते.

भारतात शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेची लोकसंख्या हा आधार आहे. इंग्लंडमध्ये मतदारसंख्या धरतात आणि पुढील पाच वर्षांत ती किती होईल याचा अंदाजही विचारात घेतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये टेक्सासच्या एका खटल्यात एकूण लोकसंख्येवर आधारलेली रचना वैध ठरवली. आमच्या मते लोकसंख्येचा आधार अधिक न्याय्य आहे, कारण स्थानिक सदस्य मत देणाऱ्यांइतकाच मत न देणाऱ्यांसाठीही काम करतो.

परंतु लोकसंख्याही डोळे झाकून घेता येत नाही. अमेरिकेतील आयोवा राज्यातील अॅनामोसा या छोट्या शहरात एका प्रभागाच्या लोकसंख्येत तुरुंगातील कैद्यांचाच भरणा होता. त्यांना तेथे मतदानाचा अधिकार नव्हता, त्यामुळे प्रत्यक्षात मत देऊ शकणारे मूठभर लोक उरले, आणि २००५ मध्ये तेथील सदस्य अवघ्या दोन मतांनी सभागृहात गेला. पुढे शहराने ती प्रभागपद्धतच सोडली. मोठे वसतिगृह, छावणी किंवा कारागृह आपल्या प्रभागात असेल, तर त्याची गणना कशी केली आहे हे विचारायला हवे.

जनगणना जुनी असेल तर काय करायचे?

भारतात हीच अडचण आहे. २०२१ची जनगणना वेळेवर झाली नाही आणि पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरवली आहे. मधल्या काळात झालेल्या प्रभागरचनांना २०११च्या आकड्यांवरच उभे राहावे लागले. शहरांच्या कडेला या काळात उभ्या राहिलेल्या वसाहती त्या आकड्यांत नाहीत, म्हणून कागदावर समान दिसणारे प्रभाग जमिनीवर समान नसतात. नियमांच्या चौकटीत अधिकाऱ्यांना आकडे बदलता येत नाहीत, हे खरे आहे. तरीही १० टक्क्यांची मुभा कोणत्या बाजूला वापरायची हे त्यांच्या हातात असते. झपाट्याने वाढणारा भाग सरासरीच्या खाली आणि ओसरणारा भाग थोडा वर ठेवला, तर रचना अधिक वर्षे टिकते. प्रारूप रचनेवर हरकत घेताना हा मुद्दा जरूर मांडावा.

आकडे समान झाले म्हणजे रचना न्याय्य झाली असे समजावे का?

मुळीच नाही. समान आकड्यांच्या आत राहूनही निकाल फिरवता येतो.

समजा, पाच प्रभाग आहेत आणि प्रत्येकात १,००० मतदार आहेत. एका गटाचे ३,००० आणि दुसऱ्याचे २,००० समर्थक आहेत. रेषा अशा आखल्या की तीन प्रभागांत दुसऱ्या गटाचे ६०० आणि पहिल्याचे ४०० लोक आले, आणि उरलेल्या दोन प्रभागांत पहिल्या गटाचे ९०० व दुसऱ्याचे १०० लोक आले. प्रभागांची संख्या आणि आकार बिनचूक समान आहेत. तरी ४० टक्के पाठिंबा असलेला गट पाचपैकी तीन जागा जिंकतो. येथे दोन युक्त्या एकत्र वापरल्या आहेत. पहिल्या गटाचे काही समर्थक दोन प्रभागांत ठासून भरले, म्हणजे त्यांची जादा मते वाया गेली, आणि उरलेले तीन प्रभागांत विखुरले, म्हणजे कोठेही पुरेसे राहिले नाहीत.

अशा खोडसाळ आखणीला इंग्रजीत मिळालेले नाव १८१२ सालचे आहे. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी मंजूर केलेल्या एका मतदारसंघाचा वेडावाकडा आकार सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्याची आठवण करून देणारा होता, म्हणून त्यांचे आडनाव आणि त्या प्राण्याचे नाव जोडून ‘जेरीमँडर’ हा शब्द तयार झाला. स्थानिक संस्थांच्या इतिहासात मात्र याहून बोचरी उदाहरणे आहेत. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील टस्कीगी शहराची हद्द १९५७ मध्ये चौकोनी आकारावरून २८ बाजूंच्या आकृतीत बदलण्यात आली. त्यामुळे शहरातील सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे हद्दीबाहेर गेले आणि गोरा मतदार एकही गेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य होते, पण ते मोठ्या प्रमाणावर एकाच प्रभागात कोंबले गेले होते. त्या प्रभागातून ८ सदस्य निवडले जात आणि उरलेल्या दोन प्रभागांतून ब्रिटनसोबत राहू इच्छिणाऱ्या, मुख्यतः प्रोटेस्टंट, युनियनिस्ट पक्षाचे १२. मताधिकार घरमालक व भाडेकरू कुटुंबप्रमुखांपुरता असल्याने विषमता आणखी वाढत असे. घरे कोणाला द्यायची हे तेच सभागृह ठरवत होते. १९६८च्या नागरी हक्क आंदोलनात या प्रभागरचनेविरुद्धचा रोष मोठ्या प्रमाणावर होता, आणि पुढे ती महापालिकाच बरखास्त करावी लागली.

म्हणून प्रारूप नकाशा हातात आला की आकड्यांचा तक्ता तपासून थांबू नये. कोणती वस्ती कोणासोबत जोडली आणि कोणती तोडली, हेही पाहावे.

वस्ती तुटू नये असे म्हणतात, पण वस्तीची हद्द ठरवायची कशी?

नदी, नाला, डोंगर, रेल्वेमार्ग आणि मोठे रस्ते या नैसर्गिक किंवा ठळक खुणांवरून सीमा न्यावी, असे मार्गदर्शक तत्त्वांत सर्वसाधारणपणे सांगितलेले असते. महाराष्ट्रात जनगणनेचे प्रगणक गट, म्हणजे मोजणीसाठी पाडलेले घरांचे लहान समूह, फोडायचे नाहीत, हाही दंडक आहे, कारण गट फोडला की त्या तुकड्याची लोकसंख्या सांगता येत नाही.

तरीही एका बाबतीत सावध राहावे. प्रत्येक मोठा रस्ता सीमा नसतो. ओलांडायला पूल किंवा सिग्नल नसलेला महामार्ग दोन जगे वेगळी करतो. त्याउलट, दोन्ही बाजूंना दुकाने असलेला बाजाररस्ता हा त्या वस्तीचा कणा असतो, आणि त्याच्या मधून रेषा नेली तर कचरा, पार्किंग आणि फेरीवाले या एकाच प्रश्नासाठी दोन सदस्यांचे दरवाजे ठोठवावे लागतात. नकाशावर दोन्ही रस्ते सारख्याच जाडीचे दिसतात. हा फरक फक्त तेथे राहणाऱ्यालाच माहीत असतो, आणि म्हणूनच हरकती मागवण्याची पद्धत आहे.

एका प्रभागातून अनेक सदस्य निवडणे न्याय्य आहे का?

वजनाचा हिशेब एका सदस्यामागील लोकसंख्येने करावा. २०,००० लोकसंख्येच्या प्रभागातून चार सदस्य असतील, तर तो ५,००० लोकसंख्येच्या एकसदस्यीय प्रभागाच्या बरोबरीचा आहे. मोठ्या प्रभागाचा एक खरा फायदा असा की लोकसंख्या बदलली तरी सीमा न हलवता सदस्यसंख्या बदलून समतोल साधता येतो.

परंतु मते मोजण्याची पद्धत कोणती, यावर पुढचे सगळे ठरते. स्कॉटलंडमध्ये २००७ पासून प्रामुख्याने तीन किंवा चार सदस्यांचे प्रभाग आहेत आणि मतदार पसंतीक्रम देतात, त्यामुळे प्रभागातील अल्पमतातील गटालाही जागा मिळण्याची शक्यता राहते. महाराष्ट्रात मुंबई वगळता इतर महापालिकांत २०१७ मध्ये प्रामुख्याने चार सदस्यांचे प्रभाग होते, परंतु तेथे प्रत्येक जागेसाठी वेगळी लढत होते आणि सर्वाधिक मते मिळवणारा जिंकतो. त्यामुळे प्रभागात आघाडीवर असलेल्या गटाला सगळ्या जागा मिळण्याची शक्यता वाढते, आणि आपला सदस्य नेमका कोण हे नागरिकाला सांगता येत नाही. मोठा प्रभाग आणि प्रमाणशीर नसलेली मोजणी ही जोडी प्रतिनिधित्वासाठी सर्वांत कमी अनुकूल आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

राखीव जागांचा सीमांशी काय संबंध?

भारतात १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीनुसार अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांसाठी किमान एक-तृतीयांश जागा राखून ठेवाव्या लागतात. महाराष्ट्राने महिलांचा वाटा २०११ मध्ये ५० टक्के केला. अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण त्यांच्या लोकसंख्येचे प्रमाण जेथे जास्त तेथे जाते. त्यामुळे एखाद्या वस्तीमधून रेषा गेली तर तिचे प्रमाण दोन्हीकडे विभागले जाते आणि ती दोन्ही ठिकाणी आरक्षणापासून दूर राहू शकते. अशा वस्त्या शक्यतो फोडू नयेत, ही सूचना त्यासाठीच आहे. सोडतीच्या दिवशी सभागृह भरते, पण त्या सोडतीत कोणते प्रभाग येणार हे नकाशाने आधीच ठरवलेले असते.

रेषा कोणी आखावी?

ज्याला त्या रेषेतून लाभ होणार आहे त्याने आखू नये, एवढे तत्त्व पुरेसे आहे. इंग्लंडमध्ये स्थानिक प्रभागांसाठी स्वतंत्र आयोग आहे. त्याचा आदेश संसदेपुढे ठेवला जातो, तो नाकारण्याचा अधिकार संसदेला आहे, मात्र त्यातील एखादी रेषा हलवण्याचा अधिकार नाही. हा बारकावा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्रात हे काम राज्य निवडणूक आयोगाकडे असावे की शासनाकडे, यावर वाद झाला आहे, आणि २०२२च्या कायदेदुरुस्तीने शासनाची भूमिका वाढली. कोणाकडेही अधिकार असले, तरी प्रारूप, आकडे आणि प्रत्येक हरकतीवरील निर्णयाची कारणे सार्वजनिक असली पाहिजेत.

निवडणूक तोंडावर आल्यावर रचना बदलता येते का?

कायद्याने अनेक ठिकाणी येते, पण तसे करू नये. कॅनडातील टोरँटो शहरात २०१८ मध्ये उमेदवारीची मुदत संपून प्रचार सुरू असताना प्रांतिक सरकारने प्रभाग ४७ वरून २५ केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा वैध ठरला. वैध असणे आणि न्याय्य असणे यांतील अंतर त्या निकालात स्पष्ट दिसते. मुंबईतही सदस्यसंख्या २२७ वरून २३६ करण्यात आली आणि सत्ताबदलानंतर २०२२ मध्येच पुन्हा २२७ झाली. अशा फेरबदलांत वेळ जातो, आणि तेवढा काळ नागरिकांना निवडून आलेला प्रतिनिधीच नसतो.

न्यायालयात दाद मागता येते का?

याचे उत्तर देशानुसार बदलते. अमेरिकेत लोकसंख्येची विषमता आणि वांशिक भेदभाव यांविरुद्ध न्यायालये हस्तक्षेप करतात, परंतु पक्षीय लाभासाठी केलेल्या आखणीचे दावे संघीय न्यायालयांनी ऐकू नयेत, असा निकाल २०१९ मध्ये लागला. भारतात प्रभागांच्या सीमांकनासंबंधीच्या कायद्याच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देण्यावर राज्यघटनेतच बंधन आहे. म्हणून अंतिम रचनेनंतर धावाधाव करण्यापेक्षा हरकतींच्या मुदतीत केलेले काम अधिक उपयोगी पडते.

हरकत कशी लिहावी?

‘आमच्या भागावर अन्याय झाला आहे’ हे वाक्य खरे असले तरी त्यावर अधिकाऱ्याला काही करता येत नाही. रेषेचा नेमका तुकडा सांगावा : अमुक चौकापासून अमुक नाल्यापर्यंतची सीमा, नकाशाच्या प्रतीवर खूण करून. नंतर ती कोठून जावी हे सांगावे. त्यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक अर्जांत तोच नसतो. सुचवलेल्या बदलाने कोणते प्रगणक गट कोठे जातील, दोन्ही प्रभागांची लोकसंख्या किती होईल, आणि ती मर्यादेत राहील का, याचा हिशेब जोडावा. एका प्रभागातून ६०० लोक काढले तर ते शेजारी जातात, शेजारचा प्रभाग मर्यादेबाहेर गेला तर त्यालाही पुढे ढकलावे लागते, आणि एका रेषेचा बदल चार प्रभागांपर्यंत पोहोचतो. हा पुढचा परिणाम ज्या अर्जात सोडवून दाखवलेला असतो, तो नाकारण्यासाठी अधिकाऱ्यालाही तितकेच ठोस कारण द्यावे लागते.

वस्ती एकसंध आहे हे सांगताना पुरावा रोजच्या जगण्यातला असावा. पाण्याची टाकी कोणती, मुले कोणत्या शाळेत जातात, बस कोठून मिळते, सांडपाणी कोणत्या नाल्याला जाते, हे मुद्दे भावनेपेक्षा जड ठरतात. कोणत्या पक्षाला फायदा होईल याचा उल्लेख अर्जात करू नये, कारण तो निकष नाही आणि त्यामुळे उरलेल्या मुद्द्यांवरचाही विश्वास कमी होतो. मुदत, पोच आणि सुनावणीची तारीख सांभाळावी. सुनावणीला स्वतः जावे.

हजार सह्या जोडल्या तर हरकतीला वजन येते का?

थोडे येते, पण एकाच मजकुराच्या हजार प्रतींपेक्षा हिशेबासह लिहिलेला एक अर्ज अधिक परिणामकारक असतो. प्रस्तावित रचना योग्य वाटत असेल तर तसे लेखी कळवणेही तितकेच आवश्यक आहे, कारण दुसऱ्या कोणाच्या हरकतीवरून ती बदलली जाऊ शकते.

प्रभाग बदलल्याने पत्ता, घरपट्टी किंवा मुलांची शाळा बदलते का?

सामान्यतः नाही. प्रतिनिधी आणि काही वेळा मतदान केंद्र एवढेच बदलते. मतदार यादीत आपले नाव नव्या प्रभागात बरोबर गेले आहे का, हे मात्र स्वतः तपासावे, कारण सीमेवरच्या इमारती चुकून दुसरीकडे जाण्याचे प्रकार याच टप्प्यावर होतात.

हरकत फेटाळली गेली तर ते काम वाया जाते का?

फेटाळण्याची कारणे लेखी मागून घ्यावीत आणि अर्ज, नकाशा व आकड्यांची प्रत जपून ठेवावी. पुढच्या पुनर्रचनेत बहुधा आजचीच रेषा आरंभबिंदू असते. न्यूझीलंडमध्ये किमान सहा वर्षांतून एकदा प्रतिनिधित्वाचा आढावा घेणे बंधनकारक आहे, आणि भारतात नव्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले की सीमा पुन्हा उघडतील. त्या वेळी ज्यांच्याजवळ मागच्या खेपेचा हिशेब तयार असेल, त्यांना हरकतींच्या मोजक्या दिवसांत कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागणार नाही.